नागड्यांच्या क्लबला मेंबर का मिळेनात?

२०२४ साली जर्मनीत एका संघटनेचा अमृतमहोत्सव होता. ७५ वर्षं पूर्ण, हॅनोवरला मोठा सोहळा ठरलेला, आणि शेवटी तो रद्द करावा लागला कारण पुरेशी नावनोंदणीच झाली नाही. आता हे आपल्याला काही नवीन नाही, मंडळाची पंच्याहत्तरी आणि सभागृहात पहिल्या दोन रांगा भरलेल्या, त्यातली एक सत्कारमूर्तींची आणि दुसरी त्यांच्या घरच्यांची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फक्त ही संघटना कपडे न घालणाऱ्यांची होती. तिचं नाव डीएफके, १९४९ ची स्थापना, साधारण पंचवीस वर्षांपूर्वी ६५ हजारांच्या वर सभासद होते आणि आता ३४ हजारसुद्धा भरत नाहीत.

हसू आलं असेल तर हसून घ्या, मीपण आधी हसलोच. पण मग वाटलं की हे तर अगदी आमच्या सार्वजनिक वाचनालयासारखं चाललंय, लोक वाचतायत पण वाचनालयाची वर्गणी कोणी भरत नाही. इथेही तसंच आहे, कपडे काढून उन्हात पडणारे युरोपात भरपूर आहेत, पण त्यांच्या संघटना म्हाताऱ्या होत चालल्यात. हे का होतंय आणि यावर ते लोक काय काय करून बघतायत, ते जरा सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी शब्द. न्यूडिस्ट म्हणा किंवा नॅचरिस्ट म्हणा, संघटनावाल्यांना दुसरा जास्त आवडतो कारण पहिल्याला चावट वास येतो. म्हणणं साधं आहे, की पोहताना, उन्हात बसताना, व्हॉलीबॉल खेळताना अंगावर कपडे नसले तर बरं वाटतं आणि त्यात लैंगिक काही नाही. कपडे घालणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आपसात 'टेक्स्टाइल' म्हणतात, म्हणजे इचलकरंजीच्या माणसाला वेगळंच काहीतरी वाटेल. आणि त्यांचा सगळीकडे पाळला जाणारा नियम कोणता माहितीये? बसताना आपला टॉवेल अंगाखाली घ्यायचा. अगदी आजीने सांगावा तसा नियम आहे हा.

आता एक गंमत. नोंद सापडते असा जगातला पहिला नॅचरिस्ट क्लब कुठे निघाला असेल? जर्मनीत नाही, फ्रान्समध्ये नाही, आमच्या ठाण्यात! १८९१ साली चार्ल्स क्रॉफर्ड नावाचे जिल्हा न्यायाधीश होते, त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली, सभासद एकूण तीन, ते स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. आपल्याला हे कळतं ते त्यांनी इंग्लंडातल्या एडवर्ड कारपेंटर या लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे. पुढच्या वर्षी साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि क्लब मिटला. बदलीने मोडलेली ठाण्यातली ही काही एकमेव संस्था नसणार म्हणा. पण ही गोष्ट डोक्यात ठेवा, एक उत्साही माणूस गेला की संस्था संपते, हे पुढे परत येणार आहे.

मुळात उघडं व्हायला संघटना कशाला हवी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. उत्तर त्या काळात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतली शहरं धुराने भरलेली होती, क्षयरोग घरोघरी, डॉक्टर सांगायचे ऊन घ्या हवा घ्या, आणि त्यातून शाकाहार, व्यायाम, निसर्गोपचार असं सगळं एकत्र करणारी चळवळ उभी राहिली. त्यातलीच एक शाखा ही उघड्या अंगाची, जर्मन लोक तिला एफकेके म्हणतात, म्हणजे मोकळ्या शरीराची संस्कृती. बर्लिनमध्ये आडोल्फ कॉख नावाचे शिक्षक कामगारवस्तीतल्या लोकांसाठी विवस्त्र व्यायामाचे वर्ग चालवायचे. १९३३ ला नाझी आले आणि बंदी घातली.

तेव्हा क्लबकडून तीन गोष्टी मिळायच्या. एक म्हणजे जागा आणि तिच्याभोवती उंच कुंपण, कारण बाहेर पोलीस पकडायचे. दुसरी म्हणजे माहिती, कुठे जायचं कोण येतं हे क्लबच्या मासिकाशिवाय कळणार कसं. आणि तिसरी, जी फारसं कोणी मोजत नाही, ती म्हणजे नजर. आत आलेला माणूस टक लावून बघणार नाही, आणि बघितलं तर त्याला हाकललं जाईल, याची खात्री. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या दोन गोष्टी आता फुकट मिळतात आणि तिसरी अजूनही कुठेच सहज मिळत नाही, पण संघटना बरीच वर्षं पहिल्या दोनच विकत बसल्या.

फुकट कशा ते बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये नुसतं नागडं असणं हा आपोआप गुन्हा होत नाही, २००३ च्या कायद्यात मुद्दाम दुसऱ्याला घाबरवायचा किंवा त्रास द्यायचा हेतू लागतो. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९८० पासून विवस्त्रांसाठी अधिकृत पट्टा आहे. म्युनिकच्या मधोमध इंग्लिश गार्डन नावाचं प्रचंड उद्यान आहे, तिथेही अशी ठरलेली कुरणं आहेत, माणसं ऑफिसच्या सुट्टीत येतात, कपड्यांची घडी करून ठेवतात, तासभर ऊन खातात, परत कामाला. पॅरिसने २०१७ मध्ये व्हॅन्सेनच्या जंगलातला एक कोपरा दिला. या सगळ्यासाठी मेंबरशिप लागत नाही, पत्ता फोनवर सापडतो. म्हणजे विचित्रच आहे ना, यातले बरेच किनारे संघटनांनीच वर्षानुवर्षं भांडून मिळवले, आणि मिळाल्यावर लोकांनी विचारलं की मग आता वर्गणी कशाची?

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण म्हणजे जुनी पूर्व जर्मनी. तिथे कम्युनिस्ट राजवट, सरकारबाहेरच्या स्वतंत्र संघटना चालायच्या नाहीत, त्यामुळे नॅचरिस्टांचे क्लबही नाहीत. पन्नासच्या दशकात बाल्टिक किनाऱ्यावर बंदीही घालून पाहिली सरकारने, लोकांनी ऐकलं नाही, तक्रारींचा पाऊस पडला आणि सरकारने माघार घेतली, जी तिथे क्वचितच घडायची. मग सत्तर ऐंशीच्या दशकापर्यंत अशी परिस्थिती की डॉक्टर, वेल्डर, शिक्षिका, पक्षाचा कार्यकर्ता सगळे एकाच वाळूवर आणि कोणालाच त्यात विशेष वाटत नाही. कार्ड नाही, वर्गणी नाही, घोषणा नाही. याउलट पश्चिमेत क्लब, गेट, पावती, कार्यकारिणी. १९९० ला दोन्ही एक झाले आणि पश्चिमेकडून आलेले पर्यटक त्याच बाल्टिकवर कुरकुर करायला लागले की हे काय उघडेवाघडे फिरतात. म्हणजे संघटना एकीकडे होती आणि सवय दुसरीकडे.

ब्रिटनचे आकडे हाच मुद्दा अजून ठळक करतात. २०२२ मध्ये इप्सॉस या सर्वेक्षण कंपनीच्या पाहणीत तिथल्या १४ टक्के लोकांनी स्वतःला नॅचरिस्ट किंवा न्यूडिस्ट म्हणवलं, म्हणजे साधारण ६७ लाख माणसं. पाहणी ब्रिटिश नॅचरिझम या संघटनेनेच करवून घेतली होती त्यामुळे आकडा जरा जपूनच घ्या, घरी बाथरूममधून खोलीत तसंच जाणाराही कोणीतरी हो म्हणाला असेल. पण त्या संघटनेचे सभासद अजून हजारांतच मोजायचे. म्हणजे मधे लाखो लोक आहेत ज्यांना ही गोष्ट आवडते पण क्लब आवडत नाही.

क्लब का आवडत नाही? एक तर क्लब म्हणजे रविवारचं श्रमदान. जुन्या क्लबांत सभासदांनीच गवत कापायचं, तळं साफ करायचं, कुंपण रंगवायचं, आणि ज्याने तीस वर्षं हे केलंय त्याला नव्याने आलेला, नुसता पोहून जाणारा मुलगा फुकट्या वाटतो. हे वाक्य वाचून ज्यांनी गणेश मंडळात मांडव घातलाय ते मान हलवत असतील. मग होतं काय की खजिनदार ७८ वर्षांचे, अध्यक्ष ८१ चे, दोघांपैकी एकाचे गुडघे गेले की जागा विकायचा विषय निघतो. क्रॉफर्ड साहेबांची बदली झाली होती, इथे वय होतं, एवढाच काय तो फरक.

दुसरं, आणि हे खरं नाजूक दुखणं आहे, पुरुष. एकटे पुरुष येतात खूप आणि बायका येतात कमी. म्हणून बऱ्याच क्लबांनी वर्षानुवर्षं नियम ठेवले की एकट्या पुरुषाला प्रवेश नाही किंवा वेटिंग लिस्ट, जोडीनेच या, बायको येत नसेल तर निदान तिची संमती आणा. हेतू चांगला होता, बघ्यांना बाहेर ठेवायचं. पण त्यात पंचविशीचा बिचारा सरळ मुलगाही अडकला, ज्याला नुसतं पोहायचंय, आणि पुढची चाळीस वर्षं तो काही परत आला नाही. बाईच्या बाजूने बघा, ती एकटी पहिल्यांदा धाडस करून गेली आणि समोर तीस काका, सगळे सभ्य असतीलही, तरी ती पुन्हा येईल का? संख्या कमी म्हणून बायका येत नाहीत आणि बायका येत नाहीत म्हणून संख्या कमी, असं ते चक्र आहे. ब्रिटनमध्ये यासाठी बायकांची वेगळी मोहीम चालवतात, फक्त स्त्रियांसाठी पोहण्याचे कार्यक्रम होतात, आधी तिथे सवय होऊ दे मग पुढचं पुढे. मला विचाराल तर नव्या लोकांना आणायच्या सगळ्या प्रयत्नांत हा एकच प्रयत्न मुळाला हात घालतो, बाकीचं बरंचसं पोस्टर बदलणं आहे.

तिसरं म्हणजे बदनामी. फ्रान्समध्ये माँतालिव्हे नावाचं गाव आहे, अटलांटिकच्या काठावर, तिथे १९५० साली आल्बेर आणि क्रिस्तीन लकोक या जोडप्याने कुटुंबांसाठी सुट्टीचं केंद्र काढलं, पाइनची झाडं, तंबू, साधेपणा, आणि आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट फेडरेशनही १९५३ मध्ये तिथेच जन्मलं. त्याच फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्रावर काप दाग्द आहे, तिथे उघड्यांचं अख्खं शहर आहे, दुकानं, बँक, हॉटेलं सगळं, पण हळूहळू तिथे जोडीदार बदलणाऱ्यांचे क्लब आले आणि जुनी कुटुंबं नाराज झाली. बाहेरच्या माणसाला हे दोन्ही एकच. त्यामुळे संघटनेचं निम्मं आयुष्य 'आम्ही तसले नाही हो' हे सांगण्यात जातं. आणि जाहिरात करायची तरी कुठे, इन्स्टाग्राम फेसबुकवर अशा फोटोंना जागा नाही, मग माणसं पाठमोरी दाखवा, झुडपामागे दाखवा, बीचबॉल हातात द्या, आणि ते बघून लोकांना अजूनच काहीतरी लपवतायत असं वाटतं.

आणि चौथं, फोन. १९७५ साली किनाऱ्यावर तुम्हाला कोणी बघितलं तर त्याने बघितलं, संपलं. आज त्याच्या हातात कॅमेरा आहे आणि तो फोटो उद्या तुमच्या एचआरकडे असू शकतो. जर्मनीत तरुण का येत नाहीत यावर जी कारणं दिली जातात त्यात हे एक असतंच, आणि सोबत दुसरं, की पोरं दिवसभर फिल्टर लावलेली शरीरं बघतात आणि मग आपलं पोट, आपल्या मांड्या कोणाला दाखवायची हिंमत होत नाही. म्हणजे बघा, ज्या पिढीला या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असता तीच सगळ्यात लांब उभी आहे.

उपयोग म्हणतोय ते हवेत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास छापला, साडेआठशे ब्रिटिश लोकांची माहिती घेतली, आणि नॅचरिस्ट कार्यक्रमांत जास्त जाणारे आपल्या शरीराबद्दल आणि एकूण आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. आता लगेच कोणी म्हणेल की आधीपासून समाधानी असलेलेच जात असतील, बरोबर आहे, म्हणून त्यांनी नंतर छोटे प्रयोगही केले, लोकांना प्रत्यक्ष एकत्र नेऊन आधी आणि नंतर मोजलं, आणि तिथेही लोक आपल्या शरीराकडे जरा मायेने बघायला लागलेले दिसले. त्यांच्या मते यामागचं कारण असं, की लोक आपल्याला बघून काय म्हणतील ही धास्ती कमी होते. आणि मला ते पटतं. आपण उघडी शरीरं बघतो ती जाहिरातीतली, सिनेमातली. ऑपरेशनचे व्रण, सुटलेलं पोट, एका बाजूला कललेली पाठ, सिझेरियनची रेघ हे सगळं ओळीने बघितल्यावर स्वतःचं फार काही वाटेनासं होत असणार.

मग संघटना काय करतायत? बहुतेकांनी कायमचं सभासदत्व सोडून एका दिवसाच्या कार्यक्रमाकडे मोर्चा वळवलाय. संध्याकाळी तरणतलाव भाड्याने घ्यायचा, दोन तास पोहायचं, घरी जायचं. योगाचे वर्ग. तरुणांना वर्गणीत सूट. नेदरलँड्सच्या संघटनेने तर नावच बदललं, आधी नुसती एनएफएन होती, आता 'एनएफएन ओपन एन ब्लोट' म्हणवते, हा तिकडचा वाक्प्रचार आहे, त्यात उघडपणेही आलं आणि उघडं अंगही आलं. नाव बदलून किती फरक पडतो मला शंका आहे, पण निदान 'फेडरेशन' ऐकून जी झोप येते ती गेली.

पॅरिसवाल्यांनी संग्रहालयाकडे मोर्चा वळवला. २०१८ मध्ये पॅले द तोक्यो या कलासंग्रहालयात एक सकाळ विवस्त्र प्रेक्षकांसाठी ठेवली, दीडशेच्या वर लोक आले. मग २०२४ मध्ये फ्रान्सच्याच मार्सेय शहरातल्या मुसेम संग्रहालयात नॅचरिझमच्या इतिहासावरच प्रदर्शन भरलं, काही ठरलेल्या वेळी ते विवस्त्र बघायची सोय होती, मात्र चप्पल बूट सक्तीचे, कारण लाकडी जमिनीची कुसळं पायात जायला नकोत. आपण देवळात चप्पल बाहेर ठेवून कपडे घालून जातो, ते नेमके उलटे.

पण सगळंच चालतं असं नाही. पॅरिसमध्येच २०१७ च्या शेवटी ओ'नॅच्युरेल नावाचं हॉटेल निघालं, कपडे काढून जेवायचं, जगभर बातम्या झाल्या, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बंद पडलं, गिऱ्हाईकच नाही. गंमत म्हणून एकदा जाणारे भरपूर असतात, पण दर शनिवारी कोण जाणार? याच्या उलट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात छायाचित्रकार स्पेन्सर ट्युनिक यांनी लोकांना बोलावलं तर ३,२०० माणसं पहाटे रस्त्यावर अंगाला निळा रंग फासून उभी राहिली. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात नॅचरिस्ट क्लबचं तोंड पाहिलं नसेल. त्यांना काय मिळालं तर सोबत मिळाली, सगळेच तसे म्हणून कोणीच वेगळा नाही, आणि उद्या काही बांधिलकी नाही. संघटनांना तेच हवंय पण दर आठवड्याला, आणि तिथेच गाडी अडते.

आतल्या लोकांचं सगळ्यात मोठं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे, कपडे ऐच्छिक ठेवायचे की काढायचेच. ऐच्छिक ठेवले तर नवा माणूस घाबरत नाही, पाळी चालू असलेली बाई, लाजरी मुलगी, सोबत आलेली मैत्रीण सगळ्या सामावतात. जुने लोक म्हणतात, मग पाच वर्षांत निम्मे कपड्यात असतील आणि कपड्यातला माणूस उघड्याकडे बघत बसला की ती जागा गेली. दोघांचंही खरं आहे. मी असतो तर पहिल्या दोन तीन भेटी ऐच्छिक ठेवल्या असत्या आणि मग काय ते ठरव म्हटलं असतं, पण मला कोण विचारतंय.

आता तुमच्या मनातला प्रश्न, आपल्याकडे हे होईल का. नग्नता आपल्याला नवीन नाही, नाशिकच्या कुंभात नागा साधू येतात, दिगंबर मुनी गावात आले की लोक पाया पडतात. पण ते सगळं सोडलेल्या माणसाचं उघडेपण आहे, मजेत ऊन खाणाऱ्याचं नाही, आणि आपला समाज पहिल्याला वाट देतो, दुसऱ्याला पोलीस. २०२० मध्ये मिलिंद सोमण यांचा गोव्याच्या किनाऱ्यावर पंचावन्नाव्या वाढदिवशी विवस्त्र धावतानाचा फोटो आला तर लगेच अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला गेला, ते कलम तेव्हा आयपीसीत २९४ होतं, आता न्याय संहितेत २९६ आहे.

आणि कायदा उद्या बदलला तरी नजरेचं काय? हिप्पींच्या काळात हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी लोक उघडे पडायचे, तर त्यांना बघायला बसेस भरून माणसं यायची, शर्ट पँट बूट घालून वाळूत ओळीने उभी. ते बघून मला कळतं की त्या जर्मन क्लबवाल्यांनी शंभर वर्षांत नेमकं काय कमावलं. जमीन विकत घेता येते, कुंपण चार दिवसांत घालता येतं, पण शंभर माणसं एकमेकांसमोर उघडी बसलीत आणि कोणीही टक लावत नाही, ही शिस्त हळूहळू, एकेका सभासदाला टोकत टोकत तयार होते. क्लब बंद पडले तर ती कोण शिकवणार हा प्रश्न आहेच, कारण फुकटच्या किनाऱ्यावर टोकायला कोणी नसतं, बायका तिथून आधी निघून जातात आणि मग उरतात ते काका.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्युनिकला असतो, मूळ सदाशिव पेठेतला. तिकडच्या सौनामध्ये, म्हणजे बसून घाम काढायच्या गरम खोलीत, स्विमसूट चालत नाही, सगळे एकत्र आणि तसेच, खाली टॉवेल. पहिल्यांदा गेला तेव्हा दारातूनच परत आला. दुसऱ्यांदा ऑफिसच्या लोकांसोबत गेला, दहा मिनिटं छताकडे बघत बसला, आणि मग लक्षात आलं म्हणे की आपल्याकडे कोणीच बघत नाहीये, शेजारचे आजोबा शांतपणे घाम पुसतायत. आता दर गुरुवारी जातो. क्लबचं मेंबर हो की म्हटलं तर म्हणतो, छे, ते म्हाताऱ्यांचं आहे. घरी आईचा फोन आला की मात्र सांगतो, पोहायला गेलो होतो.